‘इंटरनेटला अंतर नसतं’ म्हणणाऱ्यांनी आधी हेलपाटे मोजा

रविवारी सकाळी भाच्याचा फोन. नागपूरच्या नंदनवन भागात त्याची स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे आणि तिथल्या मुलांसाठी त्याने सराव परीक्षेची साइट बनवली आहे. “मामा, दहा वाजता दीडशे पोट्टे बसले अन् साइटच अटकली. काहून होऊन राह्यलं असं?” सर्व्हर कुठला घेतला म्हणून विचारलं, तर उत्तरादाखल त्याने एक मेसेज पुढे ढकलला. हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपवर आला आहे:

‘मुंबईचा सर्व्हर घेऊन लुटले जाऊ नका. अमेरिकेत वर्षाला हजार रुपयांत व्हीपीएस मिळतो. १ गिगाबिटचा पोर्ट असतो. इंटरनेटला अंतर नसतं, पिंग फक्त गेम खेळणाऱ्यांना लागतो. एक टेस्ट चालवा, आकडा चांगला आला की डोळे मिटून घ्या.’

(व्हीपीएस म्हणजे मोठ्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा एक हिस्सा. पिंग म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ.) राजेहो, अंतर असतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नागपूर ते लॉस एंजेलिस सरळ रेषेत साडेतेरा हजार किलोमीटरच्या वर. झिरो माइलपासून तिथपर्यंत एकच सरळ तार टाकली तरी एक हेलपाटा, म्हणजे जाऊन-येऊन, १३६ मिलिसेकंदांच्या खाली येणार नाही. मुंबईसाठी हाच हिशेब ७ मिलिसेकंद निघतो.

आणि सरळ तार नाहीच. भाच्याचा अमेरिकेतला सर्व्हर मी माझ्या घरच्या फायबरवरून मोजला. दुपारी २५० मिलिसेकंदांच्या आसपास, रात्री नऊनंतर ३०० पार. दोन्ही बाजूंनी एमटीआर, म्हणजे वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणारा प्रोग्राम, चालवलं तेव्हा दिसलं, की जाताना वाट सिंगापूरवरून आहे आणि येताना युरोपवरून. नेटवर्कांमधली वाट ठरवणारा नियमसंच, बीजीपी, किलोमीटर मोजत नाही. कोणत्या नेटवर्कचा कोणाशी करार आहे आणि कोणती वाट कोणाला स्वस्त पडते, यावर तो चालतो. हजार रुपयांत सर्व्हर देणारा महागडी वाट विकत घेईल कशाला? त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ समुद्री केबल तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक मंदावली होती. अशा दिवशी सर्व्हरवर काहीही बिघडलेलं नसतं, तरी साइट रडते.

आता हे परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बाजूने बघा. साइट उघडताना जोडणी जुळवणाऱ्या टीसीपीचा एक हेलपाटा, ती कुलूपबंद करणाऱ्या टीएलएस १.३ चा एक, मग पान मागण्याचा एक. पहिलं अक्षर दिसायच्या आधीच पाऊण सेकंद गेला. पुढे प्रत्येक उत्तर जतन करायला निदान एक हेलपाटा. उत्तराची खूण उमटत नाही म्हणून मुलगा पुन्हा दाबतो, दीडशे जण पुन्हा दाबतात, आणि सर्व्हरवर दुप्पट मागण्या येऊन पडतात. ही गेम खेळणारी मुलं नाहीत. घड्याळ लावून शंभर प्रश्न सोडवायला बसलेली मुलं आहेत, आणि त्यांची मिनिटं या मेसेजने खाल्ली. माझा राग त्याचाच आहे.

‘१ गिगाबिटचा पोर्ट’ हे तर अर्धवट ज्ञान. पोर्ट म्हणजे सर्व्हरला नेटवर्कशी जोडणारं तोंड, अख्खी वाट नव्हे. १९९७ साली मॅथिस, सेम्के, महदवी आणि ऑट या संशोधकांनी टीसीपीच्या वेगाचं एक सूत्र मांडलं. पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याचा, आकार भागिले हेलपाट्याचा वेळ, आणि त्याला पुन्हा भागायचं ते हरवलेल्या पॅकेटांच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने. (एक छोटा गुणकही आहे, १.२२ च्या जवळ.) १४६० बाइटचं पॅकेट, २५० मिलिसेकंद आणि १ टक्का पॅकेट हरवणं, एवढं धरलं तर एका जोडणीला मिळतो सेकंदाला ०.५७ मेगाबिट. तेवढंच नुकसान २५ मिलिसेकंदांवर सोसलं तर ५.७. या सूत्रात पोर्टचा आकार कुठेही येत नाही. गूगलने २०१६ मध्ये आणलेली टीसीपीचा वेग ठरवायची पद्धत, बीबीआर, लावली तर हा फटका बराच कमी होतो, पण हेलपाटा तेवढाच राहतो.

‘एक टेस्ट चालवा’. कधी चालवली? पहाटे? स्वस्त व्हीपीएसवर शेजारी, म्हणजे त्याच यंत्रावरचे दुसरे ग्राहक, किती आहेत ते गर्दीच्या वेळीच कळतं. सर्व्हरवरचा भार दाखवणारा ‘टॉप’ हा प्रोग्राम उघडून ‘एसटी’चा आकडा बघा. तुमचा प्रोसेसर दुसऱ्यांची कामं संपायची वाट बघत किती टक्के वेळ बसला, ते तो सांगतो. डीडी या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने डिस्क मोजणाऱ्यांचे आकडे तर बहुतेकदा मेमरीतल्या कॅशचे, म्हणजे तात्पुरत्या साठ्याचे, असतात. एफआयओ या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामने चार केबीचं रँडम वाचन-लेखन मोजा, आठवडाभर, वेगवेगळ्या वेळी. आणि एमटीआरमध्ये मधल्याच एखाद्या टप्प्यावर ६० टक्के लॉस दिसला म्हणून ओरडू नका. तो राउटर नुसतं उत्तर द्यायचं टाळत असतो. नुकसान शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकलं तरच खरं.

एक मात्र मान्य करावं लागेल. बॅकअप ठेवायला, लिनक्स शिकायला, रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टला हा सर्व्हर पैसे वसूल करून देतो. आणि मुंबईचा सर्व्हर घेतला की वाट मुंबईतच राहील याचीही खात्री नसते, दोन भारतीय नेटवर्कांमधली वाहतूकही कधीकधी सिंगापूरला जाऊन परत येते. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीकडे टेस्टचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, मागायचा आणि तो मुलं वापरतात त्या प्रत्येक सिमवरून मोजायचा.

भाच्याने बुधवारी तसं केलं. तीन सिम, दोन फायबर, सकाळ आणि रात्र. साइट आणि डेटाबेस दोन्ही आता मुंबईत हलवले आहेत, अमेरिकेतल्या सर्व्हरवर फक्त बॅकअप जातो. पुढची सराव परीक्षा रविवारी दहा वाजता आहे, आणि मी एसटीचा आकडा समोर उघडून त्याच्या शेजारी बसणार आहे.