चार-शून्य जिंकलो आणि डोक्याला शॉट

टीम हरली ना की लोक निदान गप्प बसतात. कोणी रेफ्रीला शिव्या घालतो, कोणी मोबाइलमध्ये तोंड खुपसतो, आणि घाटकोपर येईपर्यंत सगळे आपापलं दुःख घेऊन नीट बसून येतात. पण टीम आरामात जिंकली, आणि त्यात सीझनभर एकदाही हरलेली नसली, तर आमच्या ग्रुपबरोबर मॅचहून घरी यायचं म्हणजे शिक्षा आहे हो.

८ जानेवारी २०२३, रविवार. अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना, समोर केरला ब्लास्टर्स. आमची मुंबई सिटी तोपर्यंत त्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) हरलीच नव्हती आणि ब्लास्टर्सपण सलग आठ मॅच न हरता आलेले, म्हणजे आज कोणाचा तरी नारळ फुटणार हे नक्की. स्टेडियम जेमतेम सातेक हजारांचं, त्यात ब्लास्टर्स आले की पिवळे शर्ट एवढे दिसतात की आपण चुकून कोचीला आलो की काय असं वाटतं. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी देव पाण्यात घातलेले. आणि मग चौथ्या मिनिटाला परेरा डियाझ, दहाव्याला ग्रेग स्टुअर्ट, सोळाव्याला बिपिन सिंग, बाविसाव्याला परत डियाझ (जो आदल्या सीझनला पिवळ्या जर्सीतच गोल मारत होता, हे विशेष). चार-शून्य! देव पाण्यातून काढून पुसायलाही कोणाला वेळ मिळाला नाही.

इथपर्यंत मजाच मजा. पण निकाल बावीस मिनिटांत लागला तरी मॅच नव्वद मिनिटं चालतेच, आणि उरलेली अडुसष्ट मिनिटं आमच्यासारख्या माणसांनी करायचं काय हा खरा प्रश्न आहे. हरणाऱ्याला निदान एखादा गोल परत करायची आशा असते, जिंकणाऱ्याकडे काहीच काम नसतं, मग तो खोड्या काढत बसतो. हाफटाइमला डोंबिवलीकर (आम्ही एकमेकांना स्टेशनावरूनच ओळखतो, खरी नावं आठवायला फोन बघावा लागतो) एकदम गंभीर चेहरा करून म्हणाला, "डिफेन्स ढिला वाटतोय रे." म्हटलं, अरे बॉल तिकडे जातोय कुठे? तर म्हणे, "तेच ना. सवय जाईल त्यांची."

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा स्कोअर चार-शून्यच. म्हणजे बाविसाव्या मिनिटानंतर गोल नाही. झालं! आझाद नगरला मेट्रोत पाय टाकला आणि ठाणेकर सुरू, "सेकंड हाफमध्ये भूक दिसली नाही." चकाला येईपर्यंत मुलुंडवाल्याचं ठरलं होतं की एवढ्या लीडवर बेंचवरच्या पोरांना आणखी लवकर उतरवायला पाहिजे होतं, त्यावर डोंबिवलीकर म्हणाला की उतरवलं असतं तर लय तुटली असती, मग ठाणेकर म्हणाला की लय होतीच कुठे, आणि मरोळ नाक्यापर्यंत तिघं असे भांडत होते की शेजारचे काका मला हळूच म्हणाले, "वाईट हरले का?"

मग विषय कोचकडे वळला. डेस बकिंगहॅम फारच चांगलं काम करतोय, म्हणजे काय, तर आता सिटी ग्रुपवाले त्याला उचलून दुसरीकडे नेणार. तेव्हा मँचेस्टर सिटीच्याच मालकांची आपली टीम होती, त्यामुळे जगात कुठेही कोणाला कोच लागला की आमच्या पोटात गोळा यायचा. (ही भीती अर्धी खरी ठरली. २०२३ च्या नोव्हेंबरात तो गेला, पण त्याच्या गावच्या क्लबकडे, ऑक्सफर्ड युनायटेडला. आता गावच्या ओढीला कोण काय बोलणार!)

या सगळ्यात एकच माणूस शांत होता. माझ्या ऑफिसातला, चेंबूरमध्ये वाढलेला मल्याळी मित्र, अंगात पिवळी जर्सी, कानात इयरफोन, साकीनाक्याला मान टाकून झोपलेला. चार गोल खाल्लेला माणूस! असल्फ्याला जागा झाला, आमचा आरडाओरडा थोडा वेळ ऐकला आणि फार काळजीने विचारलं, "तुम्हीच जिंकलात ना रे?"

सगळ्यात मोठा गोंधळ माझ्या भाच्याने घातला. बारावीचं पोर, पहिल्यांदाच आमच्याबरोबर आलेलं, नियम माहीत नाहीत. घाटकोपरला लोकलमध्ये चढता चढता मोठ्याने म्हणाला, "मामा, असंच चाललं तर अख्खा सीझन न हरता..." पुढचं वाक्य सहा जणांनी मिळून दाबलं. शुभ बोल नाऱ्या म्हणतात ते बाकीच्या जगासाठी, आमच्याकडे शुभ बोललं तरच मांडवाला आग लागते. पण तेवढ्यात आर्सेनलवाल्या (लंडनचा क्लब) मुलुंडकराने ते ऐकलं होतं. तो पेटला. आर्सेनल, २००३-०४, ३८ मॅच, २६ जिंकल्या, १२ ड्रॉ, हरली शून्य. मग पुढच्या सीझनमध्ये न हरता ओढून ४९ मॅचपर्यंत आणि ऑक्टोबर २००४ ला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर दोन-शून्यने कसा घात झाला, ते तो रडवेला होऊन सांगत होता. या नादात त्याचं मुलुंड मागे गेलं. ठाण्याला उतरून उलट्या गाडीने गेला, तेव्हाही रेफ्रीबद्दलच बोलत होता.

घरी पोचलो तर बहिणीबरोबर भाच्याला न्यायला आलेले भावोजी सोफ्यावर. क्रिकेटचे माणूस. "किती?" चार-शून्य. "वा! मग कप मिळाला?" आता रात्री अकरा वाजता कोणाला समजावणार की लीगमध्ये पहिला आलास तर शील्ड मिळते, कप वेगळा, कपासाठी नंतर प्लेऑफ. मी समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे पहिला आलेला पण नापास होऊ शकतो?" होऊ शकतो, भावोजी. (झालाही. सेमीफायनलला बेंगळुरूने पेनल्टींवर ९-८ ने बाहेर काढलं, त्याबद्दल मी अजून नीट बोलू शकत नाही.)

शील्ड मात्र ११ फेब्रुवारीलाच आली, फातोर्ड्यात गोव्याला ५-३ हरवून. अठरा मॅच आणि हार शून्य. त्या रात्री ग्रुपवर तीन गोल का खाल्ले यावर इतकी चर्चा झाली की शील्ड जिंकल्याबद्दल अभिनंदन करायचं सगळ्यांचं राहून गेलं, ते शेवटी मल्याळी मित्राने केलं.

मग १५ तारखेला बेंगळुरूत २-१ ने हरलो. शील्ड खिशात, टेबलवर काही फरक पडणार नव्हता, तरी हरलोच. मी फोन उलटा करून ठेवला, म्हटलं आता पेटणार सगळे. अर्धा तास काहीच नाही. मग भाच्याला कोणीतरी पांढऱ्या पायाचा म्हणालं, ते तेवढ्यावरच मिटलं. कोचबद्दल शब्द नाही, बेंचवरच्या पोरांबद्दल शब्द नाही. साडेदहाला डोंबिवलीकराचा एकच मेसेज आला, आणि खाली सगळ्यांचे अंगठे:

"मी जानेवारीतच बोललेलो, डिफेन्स ढिला आहे. चला, गुड नाइट."