पेटीत रुई कोंबा म्हणे!

"मामा, रुई हाये का थोडी? बॉक्समंधी भराची हाये." भाच्याचा फोन आला आणि स्पीकरची पेटी घरी बनवायचा तो फिरता मेसेज आमच्या घरापर्यंत पोचल्याचं कळलं. त्यात काय, तर: घरच्या घरी डीजेचा बॉक्स! गच्च रुई भरा, आवाज दुप्पट. अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवा, वायर वाचते. पेटीला हवा जायला-यायला बसवतात तो पाइप कितीही लांब चालतो. पेटी सागवानाचीच हवी, आणि जेवढी मोठी तेवढा बेस.

रुई आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत! जिनिंगमध्ये गंजी पेटलेली या शहाण्यानं पाहिली नसावी. अ‍ॅम्प्लिफायरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांना, म्हणजे हीटसिंकला, वारा लागतो. मे महिन्यात यवतमाळात पारा 44-45 वर जातो, तेव्हा ट्रान्सफॉर्मरला रुईची दुलई पांघरायची? एखादा सोल्डर सुटून ठिणगी पडली की झालं.

बंद, म्हणजे बिनपाइपच्या पेटीत भरावाचा थोडा उपयोग होतो, हे मान्य. दबताना हवा तापते, ती उष्णता तंतू ओढून घेतात आणि पेटी जरा मोठी असल्यासारखी वागते. पण तीही जास्तीत जास्त 1.4 पट, तेही कागदावर; आणि गच्च कोंबलं तर रुईच जागा खाते. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॅट. ते रुईतून कुठून येणार?

पाइपचं तर गणितच आहे. 40 लिटरच्या पेटीत 3 इंची पाइप 12 सेंमी ठेवला तर पेटी 43 हर्ट्झच्या आसपास घुमते, 30 सेंमी केला की 30 च्या आसपास येते. आकडा जेवढा कमी, तेवढा बेस खोल. पण त्या आकड्याखालच्या आवाजाला स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, मोकाट हलतो आणि त्यामागची तारेची कॉइल आपटते. थील या अभियंत्यांनी 1961 साली आणि स्मॉल यांनी 1972-73 मध्ये हे सगळं सूत्रात बसवून ठेवलंय. स्पीकरच्या डेटाशीटवर एफएस (स्पीकर मोकळा असताना कोणत्या हर्ट्झला घुमतो), व्हीएएस (त्याच्या कोनाइतकीच लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये), क्यूटीएस (कोनाच्या हलण्याला किती आवर बसतो) हे आकडे असतात ते त्याचसाठी.

मोठ्या पेटीचंही तेच. एफएस 40 हर्ट्झ आणि व्हीएएस 60 लिटर असलेला स्पीकर 20 लिटरच्या बंद पेटीत 80 हर्ट्झला घुमायला लागतो. पेटी वाढवा, आकडा उतरेल. पण खोलीएवढी केली तरी 40 च्या खाली जायचा नाही.

सागवान दारं-खिडक्यांना ठेवा. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, सांधे उघडतात. 18 एमएमचा प्लाय घ्या, आत एक आडवी पट्टी ठोका.

भाच्याला रुई दिली नाही. अ‍ॅम्प बाहेर ठेव, पाइप आधी लांबच घे आणि ऐकत ऐकत थोडा थोडा काप, एवढं सांगितलं.