‘तो डबा कचरागाडीत टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्याच्या व्हिडिओंना भुलू नका’. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. या मशीनांचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत. त्यांच्यावर जे चालायचं ते सगळं फोनवर चालतं. व्हिडिओवाले चालू मशीन बंद असल्याचं नाटक करतात. हे डबे वीज खातात. आणि प्रत्येकात तोळाभर सोनं असतं, ते काढून घ्या नि उरलेलं कचरागाडीच्या ई-वेस्टच्या खणात टाका. रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत कितीतरी माळ्यांवर असले डबे पडून आहेत आणि दिवाळीची साफसफाई आली की लोक असे मेसेज खरे मानतात. म्हणून हे उत्तर.

आधी सोनं, कारण तिथे माणसाला इजा होते. एक टन सर्किट बोर्डांमधून साधारण २०० ग्रॅम सोनं निघतं, म्हणजे किलोला ०.२ ग्रॅम. घरच्या कॉम्प्युटरचा बोर्ड अर्धा किलोचा धरला तर तोळ्यासाठी शंभरएक कॉम्प्युटर फोडावे लागतील. ते काढायचं तर नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, त्याच्या वाफा फुप्फुसात जातात आणि उरलेलं पाणी मोरीतून नाल्यात. स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात हा सल्ला हौसेने फॉरवर्ड व्हावा, याला काय म्हणायचं!

विजेचं म्हणाल तर ऐंशीच्या दशकातल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरचा अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा असतो. तेरा वॉटसुद्धा नाही. पुढे.

पार्ट मिळत नाहीत, हा मुद्दा ऐकायला पटतो, पण मशीन उघडलेल्या माणसाला पटणार नाही. स्पेक्ट्रमचा मेंदू म्हणजे झिलॉगची झेड-८० चिप. ती १९७६ साली आली आणि कंपनीने तिचा मूळ प्रकार बंद करायचं जाहीर केलं २०२४ मध्ये. त्याच काळातल्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश कॉम्प्युटरमध्ये ६५०२ चिप असते, तिची सुधारित ६५सी०२ आजही नवी मिळते. शिवाय बिघाड क्वचितच प्रोसेसरमध्ये असतो. बिघडतात ते कंडेन्सर, रेग्युलेटर, सॉकेट, कीबोर्ड आणि मेमरी. स्पेक्ट्रममधल्या ४११६ मेमरी चिपांना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. −५ गायब झालं की चिपा तापतात आणि मरतात. मरतात चिपा, पण दोष असतो तो व्होल्टेज बनवणाऱ्या भागातल्या एका ट्रान्झिस्टरचा. तो न बदलता नव्या चिपा बसवल्या तर त्याही जातात आणि मग माणूस म्हणतो, ‘पार्टच चांगले मिळत नाहीत’. स्पेक्ट्रमच्या युएलएसारखी खास त्याच मशीनसाठी बनवलेली चिप गेली तर मात्र मेसेजवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. मूळ चिप सापडणं नशिबाचं. पण हौशी लोकांनी तिच्याही जागी बसणाऱ्या नव्या चिपा बनवल्या आहेत.

आता ‘नाटक’. काही व्हिडिओ नाटकीच असतात, हे मी नाकारत नाही. चिखल फासलेलं मशीन, तीन मिनिटांत आंघोळ, वर संगीत आणि शेवटी चकचकीत स्क्रीन. मधे मीटर कुठे लावला, काय आकडा आला, काहीच नाही. मला त्याहून राग येतो तो धूर काढणाऱ्यांचा. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या वाटेवर पिवळसर पारदर्शक ठोकळ्यासारखा एक कंडेन्सर असतो. आत कागदाची गुंडाळी, बाहेर रेझिनचं कवच. चाळीस वर्षांत कवचाला केसासारख्या चिरा पडतात, त्यातून दमट हवा आत शिरते, कागद ती पितो. अशा मशीनला थेट २३० व्होल्ट दिले की काही मिनिटांत तडतड होते आणि खोलीभर उग्र वासाचा धूर पसरतो. गंमत म्हणजे मशीन बहुतेकदा चालूच राहतं, कारण हा कंडेन्सर फक्त मेन्समधला गोंगाट गाळायला असतो. कॅमेरा लावून मुद्दाम हा धूर काढणारे आहेत आणि त्याला भरपूर व्ह्यूज मिळतात.

नीट काम करणारा काय दाखवतो? तो प्लग लावतच नाही. आधी झाकण उघडतो, चिरा जवळून दाखवतो, तो ठोकळा काढून एक्स-२ दर्जाचा, म्हणजे थेट मेन्सवर लावायला बनवलेला, नवा बसवतो. मग गल्लीतल्या कोणत्याही टीव्ही मेकॅनिककडे असतो तसा सिरीज बोर्ड घेतो आणि शंभर वॉटचा साधा बल्ब मधे ठेवून सप्लाय देतो. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी उरू शकतं, म्हणून हात घालण्याआधी मीटर लावून बघतो. हे सगळं व्हिडिओत असेल, एखादा अंदाज चुकला तोही ठेवला असेल, तर त्याला नाटक म्हणणाऱ्याने तो पूर्ण पाहिलेला नाही. अमेरिकेत अपोलो यानांच्या गायडन्स कॉम्प्युटरपैकी एक २०१८-१९ मध्ये काही जणांनी दुरुस्त केला आणि त्या कामाचे व्हिडिओ टप्प्याटप्प्याने टाकले. कुठली जोडणी तुटली होती, ती कशी सापडली, सगळं त्यात आहे. माणूस चंद्रावर उतरल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा ते मशीन चालत होतं.

राहिला फोनचा मुद्दा. फोनवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम चालतो, बरोबर. पण इम्युलेटरला मूळ मशीनच्या रॉममधला, म्हणजे कायमच्या मेमरी चिपेतला मजकूर लागतो आणि तो कुणीतरी खऱ्या चिपेतून वाचून ठेवलेला असावा लागतो. परदेशी मशीनांचं हे काम कधीच झालं. आपल्याकडचं काय? १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने तेच मशीन ‘युनिकॉर्न’ नावाने काढलं. अशा देशी मशीनांमधल्या इप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिपांना वर काचेची खिडकी असते. तिच्यावरचा स्टिकर सोलून चिप उजेडात ठेवली तर अल्ट्राव्हायोलेट किरणांनी आतला मजकूर पुसत जातो. डबा कबाड्याकडे गेला की हे सहज होऊ शकतं.

मराठी माणसाला याहून जवळचं उदाहरण म्हणजे सी-डॅकचं जिस्ट कार्ड. पीसीच्या स्लॉटमध्ये ते बसवलं की विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमवर देवनागरी उमटायची. त्या काळात कुणी स्मरणिका, सभासदांची यादी, आजोबांच्या आठवणी टाइप केल्या असतील तर त्या सव्वापाच इंची फ्लॉपीवर आहेत. फोनला फ्लॉपी वाचता येते का? तिला चालू ड्राइव्ह लागतो. ड्राइव्हचं ग्रीस वाळून डोकं अडकलेलं असतं, काहींचा रबरी पट्टा वितळून डांबर झालेला असतो. ते कसं सोडवायचं हे आपल्या भाषेत, हळू कॅमेऱ्यात दाखवलेलं असेल तर सुदामा नगरातला पोरगाही करू शकतो. छापील सर्व्हिस मॅन्युअल कंपनीबरोबर गेलं. आता जो दुरुस्त करतो त्याचा व्हिडिओ हेच मॅन्युअल.

मेसेजचं एक मला मान्य आहे. प्रत्येक जुना डबा दुर्मीळ नसतो. २००५ च्या आसपासचा, कंडेन्सर फुगलेला, हजारोंनी विकला गेलेला पेंटियम-४ खुशाल ई-वेस्टमध्ये द्या, फक्त हार्ड डिस्क आधी काढून घ्या. ८०-९० च्या दशकातला असेल तर प्लग लावू नका. झाकण उघडून बोर्डवर पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी दिसते का बघा. तिच्याभोवती हिरवट-निळा थर असेल तर हातमोजे घालून ती कापून काढा. ती जागा पांढऱ्या व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोर्डचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, चिपांवरचे नंबर वाचता येतील असे. मग ठरवा कुणाला द्यायचा ते.