फसवाफसवी, पण सावकाश

परवा केळवणाच्या पंगतीत मामेसासऱ्यांनी त्यांच्या होणाऱ्या व्याह्यांशी माझी ओळख करून दिली ती अशी: "हे आमचे भाचेजावई. टीव्ही गेममध्ये फसवाफसवी करतात. पण अगदी सावकाश."

व्याही हसले. बायको हसली. श्रीखंड वाढणारी मुलगी थांबून हसली आणि त्या नादात माझं पान सोडून पुढं गेली. फसवाफसवीचं मी एक वेळ पोटात घातलं असतं. 'सावकाश' मात्र अजून घशात आहे.

झालं होतं एवढंच की मामा पत्रिका द्यायला आले तेव्हा बायको बाहेर गेली होती आणि मी टेट्रिस करत होतो. वरून पडणारे तुकडे रचून आडवी ओळ भरली की ती उडते, तो गेम. खेळत नव्हतो, करत होतो. 1989 सालचं निन्टेन्डोचं टेट्रिस कॉम्प्युटरवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या गेमच्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये लावायचं, एका सेकंदाच्या साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, सुट्या करायच्या आणि प्रत्येक फ्रेमला कोणतं बटण दाबलेलं असावं हे एकेक करून ठरवायचं. पटलं नाही तर मागं जायचं, पुन्हा करायचं. शेवटी हातात राहते ती नुसती बटणांची यादी. ती लावली की गेम आपला आपण चालतो, आणि माणसाच्या बोटांना कधीच जमणार नाही इतक्या लवकर संपतो. याला टूल-असिस्टेड स्पीडरन, म्हणजे साधनांच्या मदतीनं गेम झटपट संपवणं, म्हणतात. हे हातानं खेळलेलं नाही, हे नावातच लिहिलेलं असतं. लपवाछपवीला जागाच नाही.

मामा खुर्ची ओढून शेजारी बसले. मी की दाबली. स्क्रीनवर काही हललं नाही. पुन्हा दाबली. तुकडा एक घर खाली आला. पुन्हा दाबली. काही नाही.

"हँग झालाय," मामा म्हणाले.

"नाही मामा, चालू आहे."

"मग पडत का नाही?"

"पडतोय की. दोन फ्रेमला एक घर. यापेक्षा जोरात पाडताच येत नाही."

"बंद करून चालू करा एकदा. आमच्या सेट-टॉप बॉक्सला तेच करावं लागतं."

मी ऐकलं न ऐकलंसं केलं. पण मामा गप्प बसणाऱ्यातले नव्हेत, कारण हा विषय त्यांचा होता. मामा अर्धं आयुष्य डेक्कन क्वीनचे पासवाले. नव्वदच्या दशकात भाच्याकडून जप्त केलेला ब्रिक गेम, म्हणजे हातातल्या डबीवरचं टेट्रिसच, त्यांच्या बॅगेत असायचा, आणि लोणावळ्यापासून कर्जतपर्यंत अख्खा डबा मान वळवून त्यांच्या हातातल्या डबीकडं बघायचा, असं त्यांचं म्हणणं. त्या डबीच्या पडद्याला उजेड नसायचा. घाटातल्या बोगद्यात शिरलं आणि डब्यातले दिवे लागले नाहीत की सगळा अंधार.

"मग काय करायचात?" मी चुकून विचारलं.

"आवाजावर खेळायचो."

"कसल्या आवाजावर?"

"तुकडा टेकला की टक् वाजतं ना. त्यावरून अंदाज. बोगद्यातून बाहेर येईपर्यंत दोन ओळी गेलेल्या असायच्या."

तुकडा टेकल्याच्या आवाजावरून तो कोणत्या आकाराचा हे ओळखणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता आणि जगाला त्याची खबर नव्हती. असो.

"आता डावीकडं जागा सोडा," मामा म्हणाले. "काठी येतेय." काठी म्हणजे चार घरांचा सरळ तुकडा.

"येणार नाही. आणावी लागेल."

"आणावी म्हणजे? कुठनं?"

इथं मी उत्साहात आलो. कोणीतरी विचारलं होतं! मी सांगितलं की या गेममध्ये पुढचा तुकडा ठरवणारा आकडा प्रत्येक फ्रेमला बदलतो. म्हणून हातातला तुकडा एक फ्रेम उशिरा टेकवला तर 'नेक्स्ट'च्या चौकटीत वेगळं काहीतरी येऊ शकतं. मामांच्या डोळ्यांदेखत मी मागं गेलो. आधी चौकटीत झेडच्या आकाराचा तुकडा होता. एक फ्रेम थांबलो, चौकोन आला. आणखी एक थांबलो, काठी!

मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि उघड्या डोळ्यांनी स्क्रीनकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे फासे तुमच्या हातात?"

"फासे मशीनचेच. कधी टाकायचे तेवढं मी ठरवतो."

"शकुनीसुद्धा हेच म्हणाला असेल."

मामानं भाचेजावयाला शकुनी म्हणावं? महाभारतात निदान हे पद मामांकडं होतं.

"आणि मागितली की काठी येते? दरवेळी?"

"लागोपाठ दोन मागितल्या की अवघड जातं. आधीचाच तुकडा निघाला तर मशीन एकदा फिरून फासा टाकतं. म्हणून थांबत बसावं लागतं, आणि थांबलं की वेळ जातो. मग कुठं थांबणं परवडतं याचा हिशोब."

हा हिशोब हाच खरा सगळा खेळ आहे. मी करतोय त्या प्रकारात पंचवीस ओळी उडवायच्या असतात, आणि सगळ्यात कठीण पातळी घेतली तर सुरुवातीलाच बारा ओळी कचरा, म्हणजे मधेमधे भोकं असलेली भर, भरून मिळतो. एक ओळ उडवा नाहीतर चार, मशीन त्या पुसायला साधारण तेवढाच वेळ घेतं, सेकंदाचा तिसरा हिस्सा. म्हणजे चार एकदम उडवणं फायद्याचं. पण त्यासाठी काठी हवी, काठीसाठी थांबायला हवं, आणि कचऱ्यातली भोकं आपल्या सोयीनं पडलेली नसतात. मी हे सगळं मामांना सांगत होतो आणि मामा पत्रिकेच्या पाकिटानं वारा घेत होते.

"हे सगळं मिळून किती वेळाचं होईल?"

"दोनेक मिनिटांचं."

"आणि करताय कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून."

"ह्या गणपतीच्या?"

मी चहा टाकायला उठलो.

आता मला एक सांगा. हेच मामा रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं पेन्सिलनं सोडवतात आणि शेजारी खोडरबर ठेवतात. चुकलं की खोडतात, पुन्हा लिहितात, आणि भरलेलं कोडं घरभर दाखवत फिरतात. तिथं कोणी फसवाफसवी म्हणत नाही. मी खोडलं की शकुनी. उरलेल्या सकाळी ते हळदीचे गुणधर्म शंभर जणांना पाठवतात, त्या वेळेचा हिशोब त्यांना कोणत्या पंगतीत विचारायचा?

हा आरोप जुना आहे म्हणा. 2003 साली मोरिमोतो या नावानं एका जपानी माणसाचा व्हिडिओ इंटरनेटवर फिरला. सुपर मारिओ 3 सुमारे अकरा मिनिटांत खलास. बघणाऱ्यांना वाटलं हातानंच खेळलाय, लोक वेडे झाले. मग कळलं की फ्रेमफ्रेमनं केलेलं आहे, तर तेच लोक चिडले. तेव्हापासून आमच्यातला जो तो आधी कपाळावर पाटी लावतो आणि मगच तोंड उघडतो. तरी पंगतीत व्हायचं ते होतंच.

बरं, हातानं खेळणाऱ्याला तरी मान मिळतो का? 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा विलिस गिब्सन, वय वर्षं तेरा, हेच टेट्रिस खेळत 157 व्या लेव्हलला पोचला आणि गेमच गोठला. एकोणतिसाव्या लेव्हलपासून तुकडा दर फ्रेमला एक घर पडतो, म्हणून पूर्वी तिथंच सगळं संपतं असं मानत. गेम गोठेपर्यंत आधी फक्त एक प्रोग्राम पोचला होता, माणूस नाही. मग एका ब्रिटिश वृत्तवाहिनीच्या निवेदिकेनं त्याची बातमी देताना थेट प्रक्षेपणात सल्ला दिला, की आई म्हणून सांगते, स्क्रीनपासून बाजूला हो, बाहेर जा, मोकळी हवा खा, टेट्रिस जिंकणं हे काही आयुष्याचं ध्येय नव्हे. म्हणजे हातानं केलं तर हवा खा, आणि यंत्रानं केलं तर फसवाफसवी. चेंडूमागं पाच दिवस उन्हात धावणाऱ्यांना मात्र कोणी मोकळी हवा खायला सांगत नाही. ते आधीच खात असतात म्हणे.

पैशांचंही विचारलं मामांनी. मिळत नाहीत, म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी दया पसरली ती मला शकुनीपेक्षा जास्त लागली.

काल रात्री मामांचा फोन. मला वाटलं, पंगतीतल्या बोलण्याबद्दल असेल. मी 'अहो, त्यात काय एवढं' तोंडात तयारच ठेवलं होतं.

"जावईबापू, एक काम होतं. लग्नाला आमचा डेक्कन क्वीनचा सगळा ग्रुप येतोय. त्यांना तो माझा बोगद्यातला डाव दाखवायचा होता. त्या वेळी काही शूटिंग नव्हतं. तुम्ही त्या तुमच्या पद्धतीनं एक बनवून द्याल? फोनवर पाठवलं तरी चालेल."

"मामा, ते फसवाफसवीत नाही येणार?"

"छे! मी खेळलेलंच आहे ना ते," मामा म्हणाले. "फक्त काठ्या जरा जास्त येऊ द्या. आणि लग्नाच्या आत पाहिजे हं, तुमची ती गणपतीची तऱ्हा नको."