जुनी मोटारसायकल घेताना पाळावयाचे शिष्टाचार

इंदुरात जुनी मोटारसायकल घ्यायला जाणाऱ्याने आधी विक्रेत्याकडचे पोहे निमूटपणे खावेत, कारण एकदा त्याच्या घरचे मीठ पोटात गेले की त्याच्या इंजिनाकडे संशयाने पाहणे भल्या माणसाला शोभत नाही. त्यातून विक्रेता गणपतीच्या आरतीला दरवर्षी भेटणारा एखादा काका असेल, तर गाडी पाहण्याचेही कारण उरत नाही.

आपण पोहोचण्यापूर्वीच गाडी सुरू करून ठेवलेली असेल, तर तो पाहुणचाराचा भाग समजावा. इंजिनाला हात लावून ते गरम आहे का हे पाहू नये. थंड असताना ते पहिल्या किकला उठते की दहा लाथा मागते, हे विचारणे असभ्यपणाचे आहे. सायलेन्सरमधून निळा धूर येत राहिला, तर फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजून ऑइल जळत असावे असे मेकॅनिक म्हणतील, पण त्यांना काय, कामच हवे असते.

मीटरवर 18,000 किलोमीटर दिसत असताना गिअरच्या लिव्हरचे आणि फूटरेस्टचे रबर गुळगुळीत झालेले असेल, तर काकांचे पायच जड असावेत. मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे दातेरी चक्रावरची, चेन बोटाने मागे ओढू नये. ती अर्धा दात उघडा पडेपर्यंत सुटून आली, तर उगीच चेनसेटचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘टायर नवेच टाकलेत’ असे सांगितल्यावर त्यावर कोरलेले चार आकडे वाचायला खाली वाकू नये, कारण तेथे 3216 निघाले तर टायर 2016 सालच्या 32व्या आठवड्यातला ठरतो आणि वडीलधाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर बालंट येते. हँडल फिरवताना मध्यावर अडखळत असेल, तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यातले बेअरिंग, गेली असे न म्हणता गाडीला सरळमार्गी राहण्याची सवय आहे असे म्हणावे.

ब्रेकची परीक्षा मात्र काकांच्या दारात मुळीच घेऊ नये. त्यासाठी सहकुटुंब ओंकारेश्वराला निघावे. खंडवा रस्त्यावर सिमरोलपुढे भेरूघाट लागतो, आणि पुढे ट्रक असताना उतारावर लिव्हर थेट ग्रिपला टेकते की नाही, हे तेथे आपोआप कळते. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या ब्रेक-ड्रमवर लायनर, म्हणजे ब्रेकचे आतले अस्तर, किती उरले ते दाखवणारा बाण असतो. तो घाटात गाडी थांबवून सावकाश पाहावा, अर्थात थांबली तर.