इतिहास नसलेली बाई

"मॅडम, तुमचा काही इतिहासच दिसत नाहीये," फोनवरचा मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात सहानुभूती होती. तपासणीत काही न सापडल्यावर डॉक्टरांच्या आवाजात असते तशी नव्हे. काहीतरी सापडल्यावर असते तशी.

मी क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला होता. 'सध्याची कर्जे' या रकान्यात ठसठशीत 'नाहीत' लिहिलं होतं. 'पूर्वीची कर्जे' पुढे 'कधीच नाहीत'. रकाना लहान होता, नाहीतर आमच्या नानांचं वाक्यही लिहिलं असतं : कुणाचा छदाम अंगावर ठेवून झोपू नये. सत्तेचाळीस वर्षं मी अशीच झोपत आले. एकदा मैत्रिणीची छत्री आणली होती, तर ती पाऊस थांबायच्या आत परत केली आणि भिजत घरी आले. त्यात माझा व्यवसाय दुसऱ्यांचे हिशेब लिहून देण्याचा. चार व्यापाऱ्यांचे ताळेबंद दरवर्षी माझ्या हातून जुळतात. मला वाटलं होतं, हा अर्ज वाचून बँकेचा साहेब खुर्चीतून उठून उभा राहील.

अर्ज नामंजूर झाला.

माझा भाचा अशाच कुठल्याशा कर्जाच्या कंपनीत कामाला आहे. मी त्याला तणतणत फोन केला. "अरे, मी आजवर कुणाचं काही बुडवलेलं नाही!"

"पण फेडलेलंही नाहीस ना, मावशी."

"घेतलंच नाही तर बुडवीन कशी?"

"तेच म्हणतोय. घेतलंच नाहीस तर फेडशील कशी?"

हिशेबाच्या धंद्यात इतकी वर्षं काढून मला यावर उत्तर सुचलं नाही. मराठीत ऐपत, दानत आणि पत असे तीन वेगवेगळे शब्द का आहेत, ते मला त्या दिवशी कळलं. ऐपत बँकेला पगाराच्या पावतीवर दिसते. दानत कुठल्याच कागदावर दिसत नाही. आणि पत म्हणजे तुम्ही मागे कुणाकुणाचं घेतलं आणि कसं परत केलं, याबद्दल लोक जे बोलतात ते. नानांनी आम्हाला ऐपत दिली, दानत दिली आणि पतीच्या बाबतीत मात्र कोरी पाटी हातात ठेवून ते निवांत गेले. इथे 'पती' हे पतचं रूप आहे. पती आहेत, आणि त्यांची पत उत्तम आहे. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी गळ्यात मारलेलं एक कार्ड ते वर्षातून दोनदा वापरतात आणि त्या पुण्याईवर त्यांचा स्कोअर, म्हणजे पत मोजणारा आकडा, माझ्यासमोर मिशीला पीळ देत उभा असतो.

खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण नकार मिळाला की माणसाला चेव येतो. मी पुढच्या आठ दिवसांत आणखी चार ठिकाणी अर्ज केले. एकाने नाही म्हटलं तर दुसरा आहे, दुसऱ्याने नाही म्हटलं तर तिसरा, असा माझा हिशेब. अर्ज भरण्यात हात इतका बसला की आईचं माहेरचं नाव आणि 'या पत्त्यावर किती वर्षे राहता' ही माहिती मी झोपेतसुद्धा लिहू शकले असते. चारही नकार आले. शेवटचा तर मी संगणक बंद करायच्या आत आला.

"मावशी, तू हे काय केलंस?" भाचा म्हणाला. मग त्याने समजावलं. आपण कार्डासाठी अर्ज केला की ती संस्था आपल्या घेण्या-फेडण्याच्या नोंदींचा रिपोर्ट मागवते, आणि मागवला याचीही नोंद त्याच रिपोर्टात होते. पुढच्याला ती दिसते. म्हणजे एकाच संध्याकाळी आळीतल्या पाच घरी हातउसने मागत फिरावं, आणि प्रत्येक घरच्यांनी आपल्याला आधीच्या घरातून हात हलवत बाहेर पडताना खिडकीतून पाहावं, तसं झालं होतं.

एकूण काय, माझा इतिहास अखेर सुरू झाला होता. त्यात पाच ओळी होत्या आणि पाचही ओळींत मी कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी होते.

त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले, तर कळलं की हे असं नेहमीच नव्हतं. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी साठेक हजार लोकांना, कुणीही मागितलेलं नसताना, टपालाने कार्डं पाठवून दिली होती. अर्ज नाही, इतिहास नाही, आईचं माहेरचं नाव नाही. सकाळी दार उघडावं तर पेटीत कार्ड! पुढे व्हायचं तेच झालं, थकबाकी आणि फसवणूक अंदाजापेक्षा कितीतरी पट निघाली, आणि १९७० मध्ये अमेरिकेत न मागता कार्ड पाठवण्यावर कायद्याने बंदी आली. त्याच कार्डाचं १९७६ साली व्हिसा झालं. मी चुकीच्या गावात आणि चुकीच्या साली जन्मले, दुसरं काही नाही.

भाच्याने माझ्यावर सहा महिन्यांचं मौन लादलं. एकही अर्ज करायचा नाही. तो म्हणाला, अमेरिकेत फायको नावाचा जो स्कोअर चालतो, त्यात वेळेवर फेडण्याला ३५ टक्के वजन आहे, किती रक्कम अंगावर आहे याला ३०, खाती किती जुनी आहेत याला १५, कर्जं किती प्रकारची आहेत याला १० आणि नव्या कर्जासाठी केलेल्या धावपळीला उरलेले १०. मी माझी सगळी शक्ती त्या शेवटच्या दहात घालवली होती, आणि तीही उलट्या दिशेने. एका अर्जाने फायको बहुधा पाच गुणांपेक्षाही कमीच उतरतो आणि वर्षभराने तो अर्ज मोजायचं सोडून देतात; पण माझ्यासारख्या कोऱ्या पाटीवर पाच रेघोट्या लगेच उठून दिसतात.

"आणि स्वतःचा रिपोर्ट बघ आधी. स्वतः बघितल्याने गुण कमी होत नाहीत."

हे मला ठाऊकच नव्हतं. मी आपली, नजर लागेल या भीतीने, तिकडे फिरकले नव्हते. पाहिला तर त्यात माझी जन्मतारीख चुकलेली. खऱ्या वर्षापेक्षा तीन वर्षं अलीकडची. चूक दुरुस्त करून घेण्याचा अर्ज दोन मिनिटांचा होता. मनाची तयारी करायला पंधरा दिवस गेले.

सहा महिन्यांनी ठेवीच्या तारणावर मिळणारं कार्ड घ्यायचं ठरलं. या योजनेचं कौतुक करावं तेवढं थोडं. माझेच पैसे मी बँकेत ठेवायचे. बँक ते कुलपात घालणार आणि त्याच्या जोरावर मला उधार देणार. ती उधारी मी वेळेवर फेडायची, म्हणजे माझ्याच पैशांच्या बाबतीत मी विश्वासू आहे असं दाखवायचं, आणि मग लोक म्हणणार, बाई चोख आहे हो! मी भाच्याला म्हटलं, हे म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःला जामीन राहण्यासारखं आहे. तो म्हणाला, "मावशी, सही कर."

कार्ड आलं. लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८. हे माप जगभर सारखं असतं, पण मी फूटपट्टीने मोजून खात्री केली, कारण सवय. पत्राच्या मधोमध ते डिंकाच्या दोन ठिपक्यांवर चिकटवलेलं होतं. ओढलं तर ठिपके कार्डाबरोबर आले आणि बोटांना लागले. ते चोळून चोळून गोळी केली तरी जाईनात. त्यावर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, आणि जागा संपल्यामुळे आडनावाचं शेवटचं अक्षर गळालेलं. इतिहास मिळाला, पण एका अक्षराने कमी.

आता वापर. भाच्याचा नियम असा की जेवढी मर्यादा असेल तिच्या ३० टक्क्यांच्या आतच खर्च करायचा. कमी केला तर आणखी बरं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण इथे अंथरूण पुरेसं लांब असूनही पाय पोटाशी घ्यायचे, आणि उरलेलं सत्तर टक्के अंथरूण घडी घालून उशाशी ठेवायचं. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, हिला गरजच नाही. आणि ज्याला गरज नाही त्यालाच आणखी अंथरूण देतात.

पहिलं बिल आलं तेव्हा मी ते वाचायला चष्मा पुसून बसले. त्यात दोन आकडे होते. 'एकूण देय' लहान टायपात, आणि त्याखाली 'किमान देय', किती प्रेमळ शब्द! जणू कुणी म्हणतंय, राहू दे गं, जेवढं जमेल तेवढं दे. धंद्यात मी बरेच गोड बोलणारे पाहिलेत, म्हणून कागद घेऊन मांडून पाहिलं. शंभरातले पाच भरले आणि महिना तीन टक्के व्याज धरलं, तर पुढच्या खेपेपासून पाचातले तीन व्याजातच जाणार. मुद्दलातून सुटणार दोन. शिवाय पूर्ण रक्कम भरली नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही साधारणपणे जाते, म्हणजे आज घेतलेल्या वस्तूवर आजपासूनच मीटर चालू. आणि कार्डाने रोख पैसे काढले तर त्यांना बहुतेक ठिकाणी मुळात मुदतच नसते. असा ताळेबंद माझ्या एखाद्या व्यापाऱ्याने आणला असता तर मी त्याला खुर्चीसुद्धा दिली नसती. मी एकूण देय भरलं.

तरीही मी घसरलेच. घरातला फ्रीज बंद पडला आणि नवा मी कार्डावर घेतला. मर्यादेच्या ऐंशी टक्के एका फटक्यात. मुदतीच्या चार दिवस आधी पै न् पै भरली आणि ऐटीत स्कोअर उघडला, तर तो खाली! पैसे पूर्ण दिले, वेळेवर दिले, आणि गुण कमी. भाच्याकडे पुन्हा फोन. तेव्हा उलगडा झाला की बिल निघतं त्या दिवशी अंगावर जी रक्कम असते, बहुधा तीच रिपोर्ट ठेवणाऱ्यांना कळवली जाते. आपण नंतर कितीही चोख वागलो तरी फोटो आधीच काढून झालेला असतो, आणि त्यात आपण नेमके फ्रीज पाठीवर घेऊन उभे असतो. मोठी खरेदी झाली तर बिल निघायच्या आधीच थोडे पैसे भरून टाकायचे, म्हणजे फोटो बरा येतो.

हे कळल्यावर माझा उत्साह वाढला. हप्ता कधी चुकू नये म्हणून खात्यातून आपोआप पूर्ण रक्कम वळती व्हायची सोय केली. आणि सोय केल्याचं विसरून हातानेही भरले. एकदा यंत्राने भरले, एकदा मी. पुढच्या बिलात रकमेच्या आधी उणे चिन्ह! सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं कुणाकडे तरी येणं निघत होतं, आणि तेही बँकेकडे. महिनाभर मी बँकेवरून जाताना तिच्याकडे जरा रोखूनच पाहत असे. हिचा इतिहास कुणी तपासलाय का, असं मनात येई.

वर्षभराने मी दुसऱ्या कार्डासाठी अर्ज केला. एकच. तोही आधी, रिपोर्टावर नोंद न होता पात्रता पाहता येते तिथे पाहून. मंजूर झाला. त्या संध्याकाळी नवरा सहज म्हणाला, "माझं ते जुनं कार्ड पडूनच असतं, बंद करून टाकू का?"

"खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले की त्याच्या हातातलं वर्तमानपत्र पडलं. त्याला बसवून सांगितलं की त्यावर वार्षिक फी नाही, मग ते खातं कशाला मोडायचं? त्याची मर्यादा एकूण मर्यादेतून वजा झाली की तेवढाच खर्च टक्केवारीत मोठा दिसायला लागतो. नवरा मुकाट्याने कार्ड पाकिटात ठेवून म्हणाला, "अगं, मी फक्त पाकीट जाड झालंय म्हणून विचारलं."

आता माझ्या नावापुढे आकडा आहे. आपल्याकडे पत मोजणारी जी सिबिल कंपनी आहे, तिची मोजपट्टी ३०० ते ९००. माझा आकडा नवऱ्याच्या आकड्यापेक्षा सहाने जास्त आहे आणि हे मी त्याला फक्त आठवड्यातून एकदा सांगते. पण घरातली गोष्ट बाहेर जायला वेळ लागत नाही. मागच्या रविवारी धाकटे दीर आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, एक काम होतं. गाडीसाठी कर्ज काढतोय. बँक म्हणते जामीन आणा. दादा म्हणाला, तुमची पत आता घरात सगळ्यात भारी आहे."

जामीन राहिलं की ते कर्ज आपल्याही रिपोर्टात उमटू शकतं, आणि त्यांचा हप्ता चुकला की बँक आपल्या दारात येते, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून सरकून गेलं. पण दीर आहेत, 'नाही' तरी कसं म्हणणार?

"भाऊजी," मी चष्मा चढवत विचारलं, "तुमचा स्कोअर किती?"

"कसला स्कोअर?"

"आधीची कर्जं? कार्ड वगैरे?"

ते ताठ बसले. "छे हो, वहिनी! आजवर कुणाचा छदाम अंगावर ठेवलेला नाही!"

मी त्यांच्याकडे जरा संशयानेच पाहिलं.