कवांटच्या मेळ्याच्या वाराविषयी खुलासा

‘बडोदा जिल्ह्यातील कवांटचा घेर मेळा दरवर्षी होळीनंतरच्या शनिवार-रविवारी भरतो’ असा मजकूर सध्या बडोदेकर मराठी मंडळींच्या गटांतून फिरत आहे. तो बरोबर नाही.

हा राठवा आदिवासींचा मेळा होळीपासून तिसऱ्या दिवशी भरतो, म्हणजे तो तिथीने ठरतो आणि वार दरवर्षी बदलतो. पंचांग उघडले तरी खात्री पटेल: 2024 मध्ये होळी 24 मार्चला, रविवारी पेटली, तेव्हा तिसरा दिवस सुट्टीच्या वारी येणे शक्यच नव्हते. शिवाय कवांट 2013 पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. जुन्या माहितीमुळे ही चूक झाली असावी.

अंगावर राख आणि तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेल्या दुधींची माळ अशा वेशात घेरैया (या मेळ्यात नाचणारे राठवा पुरुष) ढोलावर नाचतात. हा त्यांचा सण आहे, पर्यटकांच्या सोयीने ठेवलेला कार्यक्रम नव्हे (आणि तसा तो असावा असे मला तरी वाटत नाही).

तरी तो मजकूर कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्या गटांत आधीच पाठवला असेल तेथे ही दुरुस्ती कळवावी.